जुळे सोलापूर, वरचा मजला, येमेनी कॅमेलिऑन: पिंजरा केवढा घ्यावा?

पानफुटी

नमस्कार मंडळी. मुलगी अकरावीला आहे, सरपटणाऱ्या प्राण्यांचं वेड लहानपणापासूनचं. भरपूर वाचून आणि घरात बरीच वादावादी होऊन शेवटी एक येमेनी कॅमेलिऑन घ्यायचं ठरलं आहे. पिल्लू नर आहे, तीन-साडेतीन महिन्यांचं. ज्यांच्याकडे ते अंड्यातून निघालं त्यांच्याकडूनच घेणार आहोत. अजून आणलेलं नाही. आधी त्याची राहायची सोय, मग तो, हे पक्कं आहे.

घोडं अडलंय ते पिंजऱ्यापाशी. एका दुकानात दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेचा टँक दाखवला. "एवढासा जीव, आयुष्यभर पुरेल" असं ते म्हणाले. मुलगी म्हणते चार फूट उंच जाळीचाच हवा. यांचं म्हणणं, आत्ता लहान घेऊ, वाढला की बघू.

आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा, डोक्यावर थेट गच्ची. मे महिन्यात दुपारी हॉलमध्ये बसवत नाही. हॉलला पश्चिमेची खिडकी, मुलीच्या खोलीला उत्तरेची. आकार नेमका कशावरून ठरवायचा? आणि आपल्या उन्हाळ्यात काच बरी की जाळी?

हुरडा_चटणी

ताई, पिंजऱ्याच्या आधी एक विचारतो, राग मानू नका. नक्की येमेनीच ना? आपल्या रानातला घोयरा, म्हणजे इथला देशी कॅमेलिऑन, पकडून "कॅमेलिऑन" म्हणून विकणारे भेटतात. घोयऱ्याला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे. तो पकडणं, घरी ठेवणं, विकणं सगळाच गुन्हा. त्याच्यासाठी कुठलाच पिंजरा योग्य नाही.

पानफुटी

राग कसला, विचारलंत ते बरं झालं. येमेनीच आहे. डोक्यावरचा तुरा उंच आणि मागच्या टाचेला तो छोटा काटा आहे, मुलीने स्वतः पाहिला. तो काटा अंड्यातून निघाल्यापासून फक्त नरालाच असतो म्हणे. बिल मिळणार आहे. नोंदणीचं मात्र नीट कळलं नाही.

माळरान

काट्याचं बरोबर आहे, येमेनी जातीत नर ओळखायची तीच सोपी खूण.

नोंदणी करावीच लागते. येमेनी कॅमेलिऑन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधले प्राणी आपल्या वन्यजीव कायद्यात आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर अर्ज होतो. पुढे प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो गेला, तरी कळवावं लागतं. विकणाऱ्याकडची कागदपत्रं प्राणी ताब्यात घेण्याआधी पाहून घ्या. "नंतर पाठवतो" म्हणाले तर घेऊ नका.

आता पिंजरा. मोठ्या नरासाठी किमान माप २ × २ × ४ फूट, म्हणजे साधारण ६० × ६० × १२० सेंमी. हा आकडा सगळीकडे सापडेल. पण तो का, हे समजलं नाही तर दुकानदाराच्या "पुरेल" पुढे माणूस गप्प बसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक लोक प्राण्याची लांबी बघून पिंजरा ठरवतात. येमेनी नर शेपटीसकट दीड-दोन फुटांपर्यंत जातो, शेपूट गुंडाळून बसला की अर्धाच वाटतो, मग दीड फुटी टँक चालेल असं वाटणं साहजिक आहे. पण कॅमेलिऑन जमिनीवर राहत नाही, उभ्या जागेत राहतो. त्यामुळे बाहेरून टेप लावून येणारी उंची आणि त्याला खरोखर मिळणारी उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वरून सुरू करा. छतावर यूव्हीबीची (उन्हातल्यासारख्या अतिनील किरणांची) नळी आणि उष्णतेचा दिवा असतो. सगळ्यात वरची फांदी छतापासून निदान २० ते २५ सेंमी खाली हवी, कारण त्याहून जवळ गेला तर पाठ आणि तुरा भाजतो. हे प्राणी चटका बसेपर्यंत तिथेच बसून राहतात, अशा जखमा नेहमी पाहायला मिळतात. म्हणजे वरचे २५ सेंमी गेले. खाली कुंड्या, माती, पाणी निथळायचा ट्रे, यात २० ते २५ सेंमी जातात. १२० सेंमीच्या पिंजऱ्यात उरले ७० ते ७५. ९० सेंमीच्या पिंजऱ्यात उरतात ४० ते ४५. तुम्हाला दाखवलेल्या ४५ सेंमीच्या टँकमध्ये कुंडीच ठेवली नाही तरी जेमतेम २० उरतील. तेवढ्यात एकच फांदी बसते, आणि त्या फांदीवर तो कुठेही बसला तरी ऊन तेच, यूव्ही तोच.

खरी गोम इथे आहे. कॅमेलिऑन स्वतःचं तापमान जागा बदलून सांभाळतो. सकाळी वर येऊन शेकतो, दुपारी पानांत शिरतो, तहान लागली की ओल्या पानाशी जातो, यूव्ही पुरेसा झाला की खाली सरकतो. वरच्या फांदीवर २९ ते ३२ अंश, मध्ये २५-२६, खाली त्याहून कमी, असा उतार त्याला मिळायला हवा. यूव्हीचंही तसंच: वरच्या फांदीवर यूव्ही निर्देशांक ३ च्या आसपास आणि खाली दाट पानांत जवळजवळ शून्य. हा उतार तयार व्हायला अंतर लागतं. आकार म्हणजे मुळात हे अंतर.

रुंदीचंही थोडं. जीभ शरीराच्या लांबीच्या दीडपट, कधी दुपटीपर्यंत जाते. किडा नाकासमोरच असला तर त्याला नेमही धरता येत नाही. डोळे वेगवेगळे फिरवून तो आधी बघतो, मग दोन्ही डोळे एका जागी आणतो, पुढे झुकतो आणि मग जीभ सोडतो. हे सगळं करायला समोर मोकळी जागा पाहिजे.

सातरस्ता

माझ्या मित्राचा दीड फुटी टँकमध्येच आहे की ओ, वर्ष झालं. खातो, पितो, काही झालेलं नाही. एवढं मोठं लागतंच असं नाही.

माळरान

दादा, मित्राला एवढंच बघायला सांगा: दिवसा तो काचेला पाय घासत वरखाली करतो का? रंग बराच वेळ गडद असतो का? दिवसा डोळे मिटून बसतो का? यातलं काही असेल तर तो "ठीक" नाही. हे प्राणी दुखणं लपवतात, शिकार होणाऱ्या प्राण्याची ती सवयच असते. खाणं थांबेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर त्याला तो दुसरा नर वाटतो, मग दिवसभर ताण. आणि आकारमानच काढायचं तर तो टँक ६० लिटरचा, २ × २ × ४ चा पिंजरा ४३२ लिटरचा. सात पट फरक आहे.

सातरस्ता

काचेला पाय घासतो हे खरंय. आम्ही समजत होतो खेळतोय. सांगतो त्याला.

निवडुंग

मला मुळात चार फुटी पिंजराही कमीच वाटतो. झाडावरचा जीव आहे तो. ठेवूच नये असं माझं प्रामाणिक मत.

माळरान

तुमच्या मताचा आदर आहे. दोन फूट बाय चार फूट हे किमान माप आहे, जागा असेल तर तीन फूट रुंद करा, कोणी अडवत नाही. पण पिंजऱ्यात जन्मलेला येमेनी बाहेर सोडणं हा उपाय नाही. हवाईत आणि फ्लोरिडात सुटलेल्या येमेनी कॅमेलिऑननी तिथे बस्तान बसवलंय आणि तिथल्या जीवसृष्टीला तो त्रास झालाय. एकदा घेतला की शेवटपर्यंत आपला. नीट ठेवला तर नर सहा-सात वर्षं जगतो. हा हिशोब घ्यायच्या आधीच करायचा.

कंबर_तलाव

मी विजापूर रोडला राहतो, माझ्याकडे येमेनी नर आहे. वरचं सगळं पटलं, पण सोलापूरचा उन्हाळा वेगळा विषय आहे, त्यावर लिहितो.

बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून लोक चारही बाजूंनी जाळीचा पिंजरा घेतात. तिथे खोली २२ अंशांवर असते, त्यांना उष्णता आत आणायची असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० च्या वर, आणि हवा इतकी कोरडी की फवारलेलं पान बघता बघता सुकतं. पूर्ण जाळीत ओलावा टिकत नाही. पूर्ण काचेत हवा कोंडते आणि उष्णता साठते, ते तर आपल्याकडे जीवघेणं. म्हणून मधला मार्ग: पाठ आणि दोन्ही बाजू बंद, छत जाळीचं, पुढचा भाग जाळीचा. दाराखाली चार-पाच इंचांची जाळीची पट्टी ठेवली तर गरम हवा छतातून निघते आणि खालून ताजी येते, चुलीच्या धुराड्यात ओढ असते तशी. पानं दाट असली की आत ओलावा राहतो, तरी हवा शिळी होत नाही.

पण ताई, सगळ्यात महत्त्वाचं: मोठा पिंजरा तापलेली खोली गार करत नाही. खोलीच ३८ वर असेल तर पिंजऱ्यात खाली-वर कुठेही तो ३८ मध्येच. येमेनी इतर जातींपेक्षा उष्णता बरी सोसतो, पण ३५ च्या वर तासन्‌तास राहिला तर तोंड उघडून बसतो, रंग फिका पडतो. ती धोक्याची खूण. म्हणून आधी खोली निवडा, मग पिंजरा. तुमच्या घरात उत्तरेची खोलीच. पश्चिमेच्या खिडकीत अजिबात नको.

वरचा मजला असल्याने आणखी एक. एरवी सांगतात, पिंजरा इतका उंच ठेवा की वरची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर येईल, कारण वरून बघणाऱ्याला तो घाबरतो. पण स्लॅब तापतो तेव्हा छताजवळची हवाच सगळ्यात गरम. तुम्ही दीड फुटाच्या स्टँडवर ठेवा. चार फुटी पिंजऱ्याचं छत साडेपाच फुटांवर येईल, वरची फांदी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या थोडी खाली. समोरून दाट पानं दिलीत तर तेवढं चालून जातं. जमलं तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या, घरातल्या माणसांनाही बरं.

उष्णतेच्या दिव्याला थर्मोस्टॅट हवाच. उन्हाळ्यात तो दिवा कित्येक दिवस लागणारच नाही. यूव्हीबी नळी मात्र रोज चालू राहिली पाहिजे, तिच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं वाकतात. कूलर लावा, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको. हिवाळ्यात रात्री पंधरा-सोळापर्यंत उतरलं तरी मोठ्या प्राण्याला चालतं, रात्री दिवा नको. लहान असेपर्यंत मात्र वीसच्या खाली जाऊ देऊ नका.

शेंगदाणा

वाचतोय. फार उपयोगी धागा.

पानफुटी

खूप खूप आभार. मुलगी शेजारी बसून वहीत उतरवून घेतेय. तिचा प्रश्न: पाणी किती वेळा? आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, बाकी बोअरचं. आणि माझा प्रश्न: पिल्लू एवढंसं, एकदम चार फुटीत टाकलं तर हरवणार नाही का?

कंबर_तलाव

पिण्याचं पाणी त्याला वाटीत दिसत नाही, पानावरचे थेंब चाटतो. सकाळी दिवे लागायच्या आधी आणि संध्याकाळी फवारा, शिवाय दिवसा थेंब-थेंब गळणारी बाटली. बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं पाणी इतकं जड की पानांवर पांढरे डाग पडतात आणि फवाऱ्याची नोझल बुजते. आरओचं वापरा, लागतं अगदी थोडं. आणि दुपारच्या उकाड्यात पिंजरा ओलाचिंब करू नका. गरम, ओली, कोंदट हवा म्हणजे छातीच्या संसर्गाला आमंत्रण. ओलावा रात्रीच्या गारव्यात वाढवायचा, दिवसा सुकू द्यायचं.

माळरान

पिल्लू हरवत नाही, त्याचं खाणं हरवतं. छोटे रातकिडे मोठ्या पिंजऱ्यात सुटले की पानांमागे जातात, पिल्लू उपाशी राहतं आणि रात्री तेच रातकिडे त्याला चावतात. उपाय सोपा: खाणं मोकळं सोडायचं नाही, फांदीला टांगलेल्या खोलगट डब्यात द्यायचं. डबा आतून गुळगुळीत हवा, किडे चढून जाणार नाहीत असा. पिल्लू एक-दोन दिवसांत जागा ओळखतं. मग पहिल्या दिवसापासून मोठाच पिंजरा चालतो आणि दोनदा खर्च होत नाही. "आधी लहान, मग मोठा" मध्ये तो "मग" बऱ्याचदा येतच नाही, हे मी फार घरांत पाहिलंय.

अक्कलकोट_रोड_फॅब्रिकेशन

आम्ही स्लायडिंग खिडक्यांचं काम करतो, पण असे पिंजरे बनवून दिलेत, म्हणून लिहितो.

२ × २ × ४ चं माप कारागिराच्याही सोयीचं आहे. पीव्हीसी फोम शीट ८ × ४ फुटांत येते. तिचे २ × ४ चे चार तुकडे होतात. तीन तुकडे पाठीला आणि दोन बाजूंना. चौथ्याचे २ × २ चे दोन: एक तळाला, दुसरा कापून दाराखालच्या पट्टीला आणि ट्रेच्या कडांना. शीट जवळजवळ वाया जात नाही. प्लायवूड स्वस्त पडतं, पण रोजच्या पाण्याने फुगतं आणि बुरशी धरतं. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या पाऊण इंची चौकोनी पाइपचा.

जाळी नीट निवडा. साधी फायबरची डासांची जाळी रातकिडे कुरतडतात, भोक पाडून घरभर होतात. कापलेल्या तारांची टोकं आत राहिली तर प्राण्याची नखं अडकतात, पाय सोलतो. पीव्हीसीचा लेप असलेली धातूची जाळी घ्या आणि कडा पट्टीखाली दाबून घ्या.

लोक हमखास विसरतात ते सांगतो. फांद्या आणि कुंड्यांचं वजन जाळी किंवा फोम शीट पेलत नाही. शीट लावायच्या आधीच बाजूंना आतून तीन उंचीवर आडव्या पट्ट्या मारून घ्या, सगळं त्यांना बांधायचं. दारं दोन: वरचं मोठं, खालचं छोटं, म्हणजे कुंडी काढताना प्राण्याला त्रास नाही. आणि घरातल्या दारांची रुंदी मोजा. बाथरूमचं दार बहुतेक अडीच फुटांचं असतं, दोन फुटी पिंजरा धुवायला आत जातो. तीन फुटी करायचा असेल तर तो जागेवरच जोडावा लागेल.

भीमाकाठ

माझ्याकडे मादी आहे. तिला १.५ × १.५ × ३ फूट पुरेल असं सगळे सांगतात. बरोबर का?

माळरान

किमान म्हणून बरोबर, पण मादीला तळाची जागा जास्त लागते. येमेनी मादी नराशिवायही अंडी घालते, एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून पुष्कळ जास्त. त्यासाठी तिला खोल ओलसर वाळूत बोगदा करावा लागतो. निदान एक फूट लांब-रुंद डबा आणि त्यात वीसेक सेंमी वाळू, बोगदा ढासळणार नाही इतपत ओली. दीड फुटी तळात हा डबा ठेवला की कुंडीला जागाच उरत नाही, म्हणून मग लोक डबा ठेवतच नाहीत. मादी अंडी धरून ठेवते आणि त्यातच दगावते. तुम्ही कृपया २ × २ चा तळच घ्या आणि डबा आजच ठेवा. ती अस्वस्थ होऊन खाली फिरायला लागली, खाणं सोडलं, तर पिंजऱ्यावर पडदा टाकून तिला एकटं सोडा. बघत उभं राहिलात तर ती अर्ध्यात सोडून देते.

भीमाकाठ

धन्यवाद, डबा ठेवला नव्हता. आजच करतो. नर-मादी एकत्र ठेवली तर?

माळरान

नाही. एका पिंजऱ्यात एकच. दोन पिंजरे शेजारी असतील तर मध्ये पडदा, एकमेकांना दिसताही कामा नये.

बार्शीचा_सर्पमित्र

धागा येमेनीचा आहे, तरी घोयऱ्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. शेतात, बांधावरच्या झुडपात तो दिसला की लोक विषारी समजून दगड घालतात. तो विषारी नाही. फुगतो, काळपट होतो, फुसफुसतो, कारण पळून जाणं त्याला जमत नाही, एवढ्यावरच त्याला जीव वाचवायचा असतो. मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते तेव्हा रस्ता ओलांडताना सापडते, चाकाखाली जाते. कोणी "पोरांना दाखवायला" बादलीत ठेवतं, दोन दिवसांत तो पाण्यावाचून मरतो. दिसला तर काठी पुढे करा, तो काठी धरतो. रस्त्याच्या ज्या बाजूला निघाला होता त्या बाजूच्या झुडपावर सोडा. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

हुरडा_चटणी

दादा, हे फार गरजेचं लिहिलंत. आमच्या गावाकडच्या ग्रुपवर पाठवतो.

पानफुटी

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: २ × २ × ४ फूट, तीन बाजू बंद, पुढे आणि वर जाळी, दीड फुटाच्या स्टँडवर, उत्तरेच्या खोलीत. कूलर दाराबाहेर, झोत भिंतीकडे. टँक रद्द. यांनाही ७० सेंमी आणि २० सेंमीचा हिशोब पटला, कागदावर आकृती काढून दाखवली तेव्हा.

शेवटचे दोन प्रश्न. आत झाडं कुठली? आणि फांद्यांसाठी मामाच्या बागेतली छाटलेली द्राक्षाची खोडं मिळतील, पंढरपूरजवळ बाग आहे. चालतील का?

कंबर_तलाव

द्राक्षाचं खोड दिसायला सुरेख आणि पकडीला छान, पण बागेतलं नको. छाटणीपासून काढणीपर्यंत त्यावर किती औषधं मारली जातात ते मामांना विचारा. पेरूच्या फांद्या घ्या, फवारणी नसलेल्या परसातल्या.

जाडी एकसारखी नको. त्याचा पाय चिमट्यासारखा दुभंगलेला असतो, एका बाजूला दोन बोटं, दुसऱ्या बाजूला तीन. फांदी धरल्यावर दोन्ही बाजूंची टोकं जवळजवळ भेटली तर पकड पक्की. आत्ता पेन्सिलीएवढ्या जास्त ठेवा, मोठेपणासाठी अंगठ्याएवढ्या. आडव्या जास्त, तिरक्या थोड्या.

झाडांत जास्वंद उत्तम, येमेनी तिची पानं आणि फुलं खातोही. मनी प्लांट आपल्याकडे कसाही वाढतो, आडोसा चांगला देतो. कण्हेर आणि रुई चुकूनही नको, दोन्ही विषारी. नर्सरीतून आणलेली कुंडी धुऊन, वरची माती बदलून काही आठवडे बाहेर ठेवा, मगच आत.

माळरान

आणि प्राणी आणायच्या आधी रिकामा पिंजरा आठवडाभर दिवे लावून चालवा. तीन तापमापक: वरच्या फांदीवर, मध्ये, तळाशी. भिंतीला चिकटवलेला गोल काट्याचा नको, डिजिटल आणि तारेचा घ्या. सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री वाचून मुलीला वहीत लिहायला सांगा. दुपारी तीनचा मधल्या फांदीचा आकडा ३० च्या वर जात असेल तर दिव्याचं वॅटेज कमी करा किंवा दिवा वर उचला. तरीही उतरला नाही तर खोलीचा बंदोबस्त होईपर्यंत पिल्लू आणू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टरही याच आठवड्यात शोधून ठेवा, गरज पडली तर पुण्यापर्यंत जायची तयारी ठेवून.

पानफुटी

मुलीने वहीत तीन रकाने आखलेसुद्धा. शनिवारी फॅब्रिकेशनवाल्या दादांकडे माप द्यायला जातोय. आठवड्याचे आकडे याच धाग्यावर टाकते.